क्राकूवच्या छोट्या हॉस्टेलात राहताना: खाट निवडण्यापासून चावी परत करेपर्यंत

पोलंडमधल्या क्राकूव शहरात मी पहिल्यांदा गेले तेव्हा राहायला दोन जागा घेतल्या होत्या. पहिल्या तीन रात्री स्टेशनजवळच्या मोठ्या हॉस्टेलात आणि पुढच्या पाच काझिमिएश भागातल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या बावीस खाटांच्या हॉस्टेलात. पहिल्या ठिकाणी लिफ्ट होती, कार्डाने उघडणारी दारं होती, तळमजल्यावर बार होता. तीन दिवसांत काउंटरवरच्या माणसाखेरीज मी कुणाशी बोलले नाही. दुसऱ्या ठिकाणी पोचल्यावर अर्ध्या तासात मी टेबलाशी बसून बटाटे सोलत होते. समोर एक चिलीची मुलगी कांदा चिरत होती आणि एक निवृत्त डच शिक्षक भांडी पुसत होते.

फरक पडला तो स्वयंपाकघरामुळे. छोटं हॉस्टेल त्याच्या टेबलावर चालतं. ते टेबल कसं ओळखायचं, तिथे आपली जागा कशी करायची आणि एका खोलीत सहा-आठ अनोळखी माणसांबरोबर सुखाने कसं झोपायचं, ते क्राकूवच्या अनुभवातून लिहिते आहे. युरोपातल्या इतर शहरांतही यातलं बरंचसं लागू पडेल. पैसे, ट्राम आणि जेवणाचे तपशील मात्र क्राकूवचेच आहेत.

पहिली पायरी: भाग ठरवा

क्राकूवचं जुनं शहर चालत फिरण्याएवढं आहे. मधोमध रिनेक ग्वूव्नी हा मुख्य चौक आहे, साधारण 200 मीटर लांब आणि तेवढाच रुंद. शहराची ही आखणी 1257 सालची आहे. चौकाभोवती गल्ल्या आणि सगळ्याला वेढून प्लांटी नावाची बाग, जिथे एके काळी तटबंदी होती. या भागात राहिलात तर सगळं हाताशी येतं, पण शुक्रवार-शनिवारच्या रात्री गल्ल्यांत मोठा गोंधळ असतो. सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला, रात्रीसुद्धा, तुतारी वाजते आणि सूर मधेच तुटतो. शहराच्या आख्यायिकेप्रमाणे तुतारी वाजवणाऱ्याच्या गळ्यात तातारांचा बाण घुसला आणि सूर तिथेच थांबला. पहिल्या रात्री हे ऐकताना अंगावर काटा येतो. तिसऱ्या रात्री कापसाचे बोळे शोधावे लागतात.

काझिमिएश ही जुनी ज्यू वस्ती, चौकापासून दक्षिणेला वीसेक मिनिटांच्या चालीवर. छोटी, घरगुती हॉस्टेलं मला इथे जास्त आवडली. फक्त प्लाट्स नोवी या चौकाला लागून असलेली खिडकी टाळा, कारण तिथल्या झापिएकांकाच्या खिडक्यांपुढे रात्री उशिरापर्यंत रांगा असतात. (झापिएकांका म्हणजे लांब पाव उभा चिरून त्यावर मशरूम आणि चीज घालून भाजलेला. शाकाहारी माणसाला रात्री अकरा वाजता याहून चांगलं काही मिळत नाही.) शांतता हवी असेल तर नदीपलीकडचं पोडगूझे बघा. 2010 मध्ये झालेल्या पादचारी पुलावरून काझिमिएशला काही मिनिटांत पोचता येतं.

दुसरी पायरी: हॉस्टेल निवडा

इथे घाई करू नका. मी एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवते.

आधी खाटांची संख्या बघा. तीस-चाळीसच्या आत असेल तर लोक एकमेकांना नावाने ओळखण्याची शक्यता असते. मग फोटो बघा, पण खोलीचे नकोत, स्वयंपाकघराचे बघा. एक मोठं टेबल आहे का? की भिंतीला लावलेले उंच स्टूल आहेत, जिथे प्रत्येक जण भिंतीकडे तोंड करून जेवतो? गॅसला किंवा इलेक्ट्रिक शेगडीला किती जागा आहेत? बैठकीची खोली स्वयंपाकघराला लागून असेल तर सोन्याहून पिवळं, कारण मग चहा करायला आलेला माणूस आपोआप गप्पांत ओढला जातो.

लोकांचे अभिप्राय वाचताना सगळ्यात नवे आधी वाचा. छोट्या जागेत एखादा कर्मचारी बदलला की सगळं वातावरण बदलतं. दोन वर्षांपूर्वीची स्तुती आज कामाची नाही. कर्मचाऱ्यांची नावं अभिप्रायांत पुन्हा पुन्हा येत असतील तर ती खरी खूण. 'आम्ही सगळ्यांनी मिळून पिएरोगी (सारण भरून उकडलेल्या पोलिश करंज्या) केले' अशी वाक्यं शोधा. पाचपैकी तीन तारे देणाऱ्यांचं नीट वाचा, ते बहुधा अचूक सांगतात: गरम पाणी सकाळी संपतं, वायफाय आतल्या खोलीत येत नाही, दोनच स्नानघरं आहेत. आठ माणसांमागे एक स्नानघर असेल तर सकाळी ताटकळावं लागेल हे धरून चाला.

'सोशल' आणि 'पार्टी' या शब्दांत मोठा फरक आहे. पार्टी हॉस्टेलमध्ये रोज रात्री बारफेरी निघते आणि ती पहाटे परतते. आपल्याला हवी ती सोशल जागा, जिथे रात्रीचं जेवण एकत्र होतं आणि दहा-अकरानंतर लोक आवाज खाली आणतात. क्राकूवला शनिवार-रविवारी लग्नाआधीची मौज करायला आलेले ब्रिटिश तरुणांचे जथे असतात. 'सहाहून मोठा गट घेत नाही' असा नियम लिहिलेलं हॉस्टेल दिसलं तर मी तेच घेते.

नक्की करण्याआधी हॉस्टेलला एक साधा ईमेल पाठवा. खालची खाट मिळेल का? लिफ्ट आहे का? फक्त महिलांची खोली आहे का? एकत्र जेवण कोणत्या दिवशी असतं? उत्तर किती लवकर आणि कोणत्या सुरात येतं, यावरून पुष्कळ कळतं. वयाची अटही विचारून घ्या. काही ठिकाणी पस्तीस-चाळीसच्या पुढच्यांना किंवा लहान मुलांना सामायिक खोलीत घेत नाहीत.

तिसरी पायरी: व्हिसासाठी कागद

पोलंड शेंगेन देशांत आहे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात. शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे करायचा असतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान 15 दिवस आधी करावाच लागतो. मी म्हणेन दोन महिने हाताशी ठेवा. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोचा लागतो.

हॉस्टेलची खाट व्हिसासाठी चालते का, हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. चालते. राहण्याच्या पुराव्यावर तुमचं नाव पासपोर्टावर आहे तसंच्या तसं, पूर्ण पत्ता आणि प्रत्येक रात्रीची तारीख असली पाहिजे. दोघांनी मिळून आरक्षण केलं तर दुसऱ्याचंही नाव कागदावर येईल असं बघा, कारण हॉस्टेलची पावती अनेकदा एकाच नावावर निघते. माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत हेच झालं होतं. हॉस्टेलला लिहिल्यावर त्यांनी दोघींच्या नावाचं पत्र त्याच दिवशी पाठवलं. व्हिसा हातात येईपर्यंत विनाशुल्क रद्द करता येणारंच आरक्षण घ्या.

चौथी पायरी: पिशवीत काय

मोठी चाकांची बॅग नको. जुन्या इमारतींत लिफ्ट क्वचितच असते आणि रस्ते दगडी फरशीचे. पाठीवरची पिशवी घ्या. त्यात स्वतःचं कुलूप हवं, बारीक दांड्याचं, कारण जाड दांडा लॉकरच्या कडीत जात नाही. रबरी स्लिपर, पटकन वाळणारा पंचा (टॉवेल बहुधा भाड्याने मिळतो, आपला पंचा सगळ्यांत उत्तम), डोळ्यांवरची पट्टी, कानांतले बोळे, लांब वायरचा चार्जर. आपल्या फोनच्या चार्जरची बारीक दोन पिनांची प्लग तिथे बसते, जाड तीन पिनांची बसत नाही.

खायचं नेताना एक नियम लक्षात ठेवा. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे. म्हणजे घरचं तूप, पेढे, खव्याची बर्फी घरीच ठेवा. ताजा कढीपत्ता आणि कोथिंबीरही नको, त्यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पोहे, बेसन, गोडा मसाला, हळद, हिंग, शेंगदाण्याचं कूट मात्र खुशाल न्या. बेसन अर्धा किलो न्या, पुढे कारण सांगते.

पाचवी पायरी: पोचणं

बालित्से विमानतळावरून मुख्य स्टेशनला, क्राकूव ग्वूव्नीला, थेट लोकल गाडी आहे. साधारण वीस मिनिटं लागतात. पोलंडचं चलन झुवोटी आहे, युरो नाही. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, तरी थोडी रोकड ठेवा. पैसे बदलायची दुकानं म्हणजे 'कांटोर'. विमानतळावर नको, शहरात बदला. एटीएम किंवा कार्डयंत्राने 'रुपयांत आकारू का' असं विचारलं तर नेहमी झुवोटी निवडा, नाहीतर वाईट दर लागतो. ट्रामचं तिकीट काढल्यावर आत चढताच छोट्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायचा. खिशात तिकीट असूनही शिक्का नसला तर दंड होतो.

इमारतीच्या दारावर घंटीची पाटी असते. हॉस्टेलने पाठवलेला दार उघडायचा आकडा (कोड) फोनमध्ये फक्त ईमेलात ठेवू नका, कागदावर लिहून घ्या. मी रात्री साडेअकराला बंद पडलेला फोन हातात धरून एका बंद दारापुढे वीस मिनिटं उभी होते, शेवटी वरच्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडलं.

खोली दुपारी दोन-तीनला मिळते. लवकर पोचलात तर सामान ठेवून फिरायला जा. पासपोर्ट दाखवा, पण ठेवून घेऊ देऊ नका. चावीसाठी अनामत मागितली तर ती द्यायची आणि पावती जपायची. खाटेवर बसण्याआधी गादीच्या शिवणी आणि कोपरे बघा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत, लगेच शांतपणे सांगा आणि खोली बदलून घ्या.

सहावी पायरी: पहिली संध्याकाळ

सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास हाच. थकलेले असलात तरी खाटेत शिरून फोन उघडू नका. तोंड धुवा आणि स्वयंपाकघरात जाऊन बसा. पाणी उकळायला ठेवा आणि तिथे जो कुणी असेल त्याला विचारा, 'तुम्हालाही चहा?' माझ्या अनुभवात एवढ्याने गाडी सुरू होते. 'कुठले, काय करता' यापेक्षा 'उद्या कुठे जाणार?' हा प्रश्न बरा. त्याच्या उत्तरात बहुधा आमंत्रण लपलेलं असतं.

एकत्र जेवण असेल तर पाटीवर नाव लिहा आणि अर्धा तास आधी जाऊन हात लावा. पिएरोगी म्हणजे आपल्या करंजीचा उकडलेला भाऊबंद. त्यांची कड मुडपताना मला लगेच जमली. आईने दिवाळीत शिकवलेली मुरड तिथे कामी आली आणि पुढचे चाळीस पिएरोगी माझ्याकडे आले.

शाकाहारी असाल तर जेवण सुरू होण्याआधी सांगा, ताट आल्यावर नको. बटाटा आणि त्वारूग (आपल्या कुस्करलेल्या पनीरसारखं) भरलेले पिएरोगी शाकाहारी असतात, पण वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे, 'स्क्फार्की', घालतात. ते नको हे स्पष्ट सांगावं लागतं. झूरेक या आंबट सूपमध्ये सॉसेज असतं. लाल बीटाचं बार्श्च दिसायला निरुपद्रवी, पण पाणी अनेकदा मांसाचं असतं. बाहेर स्वस्तात जेवायचं तर 'बार म्लेच्नी', म्हणजे दूधबार शोधा. साधी खानावळच ती. काउंटरवर सांगायचं, पैसे द्यायचे, हाक आली की ताट घ्यायचं आणि खाऊन झाल्यावर भांडी खिडकीत नेऊन ठेवायची.

वोदका टेबलावर येणारच. घ्यायची नसेल तर 'नको, आभारी आहे' एवढं पुरे, कारणं देत बसू नका. हातात कोंपोत, म्हणजे फळं उकळून केलेलं सरबत, असलं की टोस्टमध्ये सामील होता येतं. पेला उचलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघतात. बाहेर रस्त्यावर किंवा बागेत बाटली उघडली तर दंड होतो. जुन्या शहरात रात्री छत्री घेऊन 'आत या' म्हणणाऱ्या मुली भेटतात. त्यांच्या मागे क्लबात गेलेल्यांच्या कार्डावरून मोठ्या रकमा गेल्या आहेत. हॉस्टेलमधल्या नव्या मुलांनाही हे सांगा.

सातवी पायरी: आपण रांधायचं

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपली पाळी घ्या. वीस माणसांसाठी कांदा-बटाटा भजी आणि कोबीची कोशिंबीर याइतकं सोपं, स्वस्त आणि हमखास काही नाही. बेसन त्यासाठीच. कांदे, बटाटे, कोबी बिएद्रोंकासारख्या दुकानात मिळतात. कोथिंबीर नाही मिळाली तर शेपू सगळीकडे असतो. 'माश्लांका' नावाची बाटली घ्या: ते चक्क ताक आहे. मीठ आणि भाजलेलं जिरं घाला, सगळे पुन्हा मागतील.

शनिवारीच खरेदी करा. वर्षातले मोजके रविवार सोडले तर रविवारी मोठी दुकानं बंद असतात. झाब्काची छोटी दुकानं उघडी असतात, पण तिथे भाजीला फार काही मिळत नाही.

फोडणी जपून. लाल मिरची तेलात पडली की छोट्या स्वयंपाकघरात सगळ्यांना ठसका लागतो आणि धुराचा भोंगा वाजतो. आधी खिडकी उघडा, खोल्यांची दारं लावा, तेल कमी तापवा आणि मिरची नंतर घाला. तळण रात्री नवाच्या आत संपवा. उरलेलं तेल नळात ओतू नका, बाटलीत भरून कचऱ्यात टाका.

फ्रिजमध्ये आपल्या डब्यावर नाव आणि जाण्याची तारीख लिहा. 'फ्री' लिहिलेल्या कप्प्यातलं कुणीही घ्यावं, बाकीच्याला हात लावू नये. भांडी जेवल्याबरोबर घासायची. छोट्या हॉस्टेलात भांडणं होतात ती बहुतेक याच एका गोष्टीवरून.

जेवताना लोक विचारतील, भारतात कुठले? कोल्हापूर परिसरातले असाल तर वळिवडे सांगा. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघातून सुटून आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, मुख्यतः बायका आणि मुलं, 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला वसले होते. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. टेबलावरच्या पोलिश तरुणांना हे बहुतेकदा माहीत नव्हतं. एकीने तिथूनच आजीला फोन लावला होता.

आठवी पायरी: खोलीतली रीत

पोलंडमध्ये रात्री दहा ते सकाळी सहा ही 'चिशा नोत्स्ना', रात्रीची शांतता, लोक पाळतात. पहाटेची गाडी असेल तर पिशवी आदल्या संध्याकाळी भरा आणि उद्याचे कपडे वर ठेवा. प्लास्टिकच्या पिशव्यांचा चुरचुराट अंधारात फार मोठा वाटतो. कापडी पिशव्या वापरा. खोलीतला मोठा दिवा लावू नका.

घरच्या फोनचं गणित आधीच ठरवून द्या. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. आई सकाळी साडेनऊला निवांत होऊन फोन करते तेव्हा तिथे पहाटेचे सहा किंवा पाच असतात. फोन मूक ठेवा आणि बोलायचं ते जिन्यात किंवा बैठकीत, स्पीकर बंद ठेवून. कोणी घोरत असेल तर रागावू नका, दुसऱ्या रात्री खाट बदलून मागा. वरच्या खाटेवरून उतरताना खालच्याच्या अंथरुणावर पाय देऊ नका.

एकट्या मुलींसाठी एक गोष्ट. खोलीत कुणाच्या वागण्याने अस्वस्थ वाटलं तर पुरावा गोळा करत बसू नका, रात्री कितीही वाजता काउंटरवर जा किंवा फोन करा. चांगलं छोटं हॉस्टेल लगेच खोली बदलून देतं. म्हणूनच रात्री कुणी कर्मचारी असतो का, हे आरक्षणाच्या वेळीच विचारा. आणीबाणीचा क्रमांक 112.

नववी पायरी: मिळून फिरणं

व्हिएलीच्काची मिठाची खाण एकत्र जायला उत्तम. विमानतळावरची तीच लोकल दुसऱ्या टोकाला तिथेच जाते. खाली सुमारे आठशे पायऱ्या आहेत आणि बाहेर ऊन असलं तरी आत गार असतं, स्वेटर न्या.

आउश्विट्झला, म्हणजे नाझींच्या मृत्युछावणीच्या स्मारकाला जायचं तर तारीख घरूनच ठरवा. प्रवेश मोफत आहे, पण ऑनलाइन आरक्षण लागतं आणि उन्हाळ्यात जागा लवकर संपतात. मोठी पिशवी आत नेता येत नाही, ती हॉस्टेलात ठेवा. मुख्य स्टेशनमागच्या बसतळावरून जायला दीडेक तास लागतो. त्या संध्याकाळी काहीही ठरवू नका. मी परतले तेव्हा कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. टेबलाशी बसलेल्या डच शिक्षकांनी काही न विचारता माझ्यापुढे सूपचा वाडगा सरकवला. तुमच्या खोलीतलं कुणी तिथून परत आलं असेल तर त्याच्यासाठीही एवढंच करा.

निघताना

बाहेर पडायची वेळ दहा किंवा अकरा असते. चादरी काढून टोपलीत टाका, लॉकर पुन्हा एकदा बघा, चार्जर भिंतीतच राहतो. चावी देऊन अनामत घ्या. विमान संध्याकाळचं असेल तर सामान ठेवू देतात. अभिप्राय लिहिताना कर्मचाऱ्यांचं नाव आणि टेबलाबद्दल लिहा, पुढच्या शोधणाऱ्याला तेच हवं असतं. उरलेली हळद आणि गोडा मसाला फ्री कप्प्यात ठेवा, आणि पुडीवर ठळक अक्षरांत लिहा: चार माणसांच्या भाजीला एक छोटा चमचा, त्याहून जास्त नको.